सुटी मिळाली, मैदान कोठे आहे?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आमच्या युनियनमधल्या दोघातिघांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "भाऊ, मजुरी, बोनस, ठेकेदारी सोडून हे पोट्ट्यायच्या खेळन्याचं काय काढलं तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. ज्या माणसाचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी सभा घेण्यात गेले, त्याने स्केटबोर्डवर बोलावे हे आपल्यापैकी पुष्कळांनाही चमत्कारिक वाटले असेल. परंतु हा विषय मजुरीचाच आहे असे माझे मत आहे, आणि ते कसे हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

प्रथम स्केटबोर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण सभेत वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत. हातभर लांबीहून थोडी मोठी अशी एक लाकडी फळी. तिच्या खाली दोन लोखंडी आस आणि चार लहान चाके. फळीवर एक पाय ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची, आणि तोल सांभाळीत पुढे जायचे. ना पेडल, ना ब्रेक, ना हँडल. अंग जिकडे झुकेल तिकडे फळी वळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी मुले होती. लाटा नसतील त्या दिवशी काय करावे, म्हणून 1950 च्या सुमारास त्यांनी फळीला बुटांच्या स्केटची चाके ठोकली आणि रस्त्यावरच लाटांचा खेळ सुरू केला. 1970 नंतर पॉलियुरेथेनची चाके आली. ती जमीन घट्ट धरून ठेवीत, त्यामुळे खेळ सुधारला. पुढे 1976-77 साली तेथे मोठा दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे पडले, आणि पोरे त्या रिकाम्या हौदांत उतरून त्यांच्या गोल भिंतींवर फळ्या चढवू लागली. आज जगभर या खेळासाठी जे सिमेंटचे खळगे आणि उतार बांधतात, त्यांचे मूळ त्या कोरड्या हौदांत आहे. म्हणजे हा खेळ कोणा राजाने किंवा शेठजीने काढलेला नाही. मोठ्या माणसांनी टाकून दिलेल्या जागेत पोरांनी तो काढला.

2021 साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. तेथे मुलींच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी जपानची मोमिजी निशिया 13 वर्षांची होती, आणि रौप्यपदक मिळविणारी ब्राझीलची रायसा लिआल हीही 13 वर्षांचीच. ही रायसा रिओ किंवा साओ पावलोची नव्हे. ॲमेझॉनच्या जंगलपट्टीच्या कडेला इम्पेराट्रिझ नावाचे गाव आहे, तेथली ती. जंगलाच्या कडेच्या गावातली मुलगी ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो.

आपल्या देशातील कामगार चळवळीची सुरुवात मजुरीच्या मागणीइतकीच सुटीच्या मागणीतून झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. त्याआधी 1886 साली शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांची मागणी साधी होती: आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास आमचे. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे 48 तास ठरविले. हे सारे आपण दर 1 मे रोजी सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. परंतु त्या तिसऱ्या आठ तासांचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. ते तास घालवायचे कोठे? सुटीला जागा लागते. जागा नसेल तर सुटी दारूच्या गुत्त्यात जाते, नाही तर खाटेवर मोबाइल घेऊन पडून जाते. आणि बापाची सुटी जिथे जाते तिथेच पोराची संध्याकाळ जाते.

आपल्या जिल्ह्यात जागा नाही असे मात्र म्हणता येत नाही. कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, कागदाची गिरणी, सिमेंटचे कारखाने यांच्या वसाहती पाहा. तेथे मैदान आहे, क्लब आहे, बाग आहे. कायम कामगारांच्या पिढीने ते लढून मिळविले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या वसाहतींना फाटक आहे, आणि फाटकावर पहारेकरी आहे. आज त्याच खाणीत, त्याच बॉयलरखाली ठेकेदाराकडे राबणारा मजूर फाटकाबाहेरच्या झोपडपट्टीत राहतो. बापाला आत जाण्याचा पास मिळतो तो फक्त पाळीपुरता. पोराला तोही मिळत नाही. एका वसाहतीच्या मैदानावरून ठेकेदारी मजुरांच्या पोरांना हाकलून दिल्याची तक्रार घेऊन मी स्वतः साहेबांकडे गेलो आहे. उत्तर मिळाले, "मैदान आमच्या स्टाफसाठी आहे." नियमाप्रमाणे ते उत्तर बरोबर होते. म्हणूनच मी म्हणतो की जे मैदान कंपनीचे आहे, त्याच्या भरवशावर गावाने राहू नये. गावाला गावाचे मैदान हवे.

कोणी म्हणेल, बल्लारपूरच्या वाटेवर विसापूरला एवढे मोठे क्रीडासंकुल झाले, डिसेंबर 2023 मध्ये शालेय मुलांच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धा तेथे झाल्या, मग आणखी काय हवे? ते संकुल झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण स्पर्धेचे मैदान आणि रोजच्या खेळाचे मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठे रुग्णालय झाले म्हणून गल्लीतला नळ बंद करीत नाहीत. बाबूपेठेतल्या किंवा घुटकाळ्यातल्या पोराला शाळा सुटल्यावर, बापाकडे बसभाडे न मागता, पायी जाता येईल अशा अंतरावर जागा पाहिजे.

आणि आपल्याकडे तर 'जा रानात खेळ' असेही सांगता येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात एक कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला, आणि लगतच्या दुर्गापुरात 16 वर्षांच्या एका मुलाला बिबट्याने नेले. त्या घरांवर काय कोसळले असेल ते मी सांगावयास नको. वस्तीच्या कडेची झुडपे, अंधारे पडीक आवार, राखेचे आणि मातीचे ढिगारे, हीच ज्या पोरांची खेळण्याची जागा, त्यांच्यावर ही पाळी येते. रस्त्यावर यावे तर कोळशाचे ट्रक. तेव्हा वस्तीच्या मध्यावर, दिवाबत्ती असलेली, मोकळी आणि चारी बाजूंनी नजरेत राहणारी जागा हा आपल्या जिल्ह्यात चैनीचा प्रश्न राहत नाही. तो जिवाचा प्रश्न आहे.

मग मैदान हवे एवढेच म्हणा, ही फळी मध्येच कशाला? याची कारणे मी मोजून सांगतो.

पहिले, जागा थोडी लागते. मध्य प्रदेशात पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पाशेजारी जनवार नावाचे खेडे आहे. तेथे उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी 2015 साली सिमेंटचे एक स्केट मैदान बांधविले. त्याचे क्षेत्र सुमारे 450 चौरस मीटर. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, म्हणजे 432 चौरस मीटर. तेव्हा एका खो-खोच्या मैदानाएवढ्या जागेत हे काम होते. क्रिकेटला लागणारी जागा शहराच्या मध्यात आता मिळणे नाही. एवढी मिळू शकते.

दुसरे, हा खेळ एकट्याला खेळता येतो. आपल्या खाणींवर आणि कारखान्यांवर तेलंगणातून, छत्तीसगडमधून, बिहारमधून माणसे येतात. नव्याने आलेल्या पोराला ना भाषा येते ना त्याला कोणी संघात घेते. फळीला संघ लागत नाही. पोर एका कोपऱ्यात पडत-उठत शिकते, आणि दुसरे पोर त्याला हात धरून उठविते, तेव्हा ओळख आपोआप होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते मुलींचे. संध्याकाळी आपल्या कोणत्याही मोकळ्या जागेवर जाऊन पाहा. मुले क्रिकेट खेळत असतात, आणि मुली कडेने घरी जात असतात. जनवारला त्या बाईंनी दोन नियम केले: शाळेत जाईल त्यालाच फळी मिळेल, आणि मुलीने फळी मागितली तर मुलाने ती आधी तिला द्यावी. त्या गावात आदिवासी आणि यादव अशी दोन्ही वस्ती आहे. एकमेकांपासून दूर राहणारी पोरे एका सिमेंटवर आली. तेथलीच आशा गोंड ही मुलगी 2018 साली चीनमध्ये नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली. गोंड हे नाव मी मुद्दाम सांगितले. ज्या शहराचा परकोट गोंड राजांनी बांधला, ज्या शहराला रामाळा तलाव गोंड राजाने दिला, त्या शहराने हे नाव ऐकून मान वर केली पाहिजे.

आणि कोणी म्हणेल की हे परप्रांतातले झाले, तर महाराष्ट्रातले ऐका. 2022 साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत स्केटबोर्डच्या मुलींच्या एका प्रकारात सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने मिळविले. तिचे वडील सुरक्षारक्षकाची नोकरी करीत. दुसऱ्याच्या फाटकावर उभे राहणाऱ्या माणसाची ही लेक. 'हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ' या आक्षेपाला मी याहून वेगळे उत्तर देत नाही.

परंतु श्रीमंतांचा खेळ होण्याचा धोका खरा आहे, हेही मी कबूल करतो. बऱ्यापैकी फळीला काही हजार रुपये पडतात. ठेकेदारी मजुराचे तेवढे पैसे महिन्याच्या किराण्याचे असतात. मैदान बांधून मोकळे झालो आणि फळी ज्याची त्याने आणावी म्हटले, तर तेथे मोटारीतून येणारी पोरे खेळतील आणि आपली पोरे कठड्यावर बसून पाहतील. याला उपाय आहे, आणि तो मी माझ्याच आयुष्यातून सांगतो. मी सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. तेथे पुस्तक घेताना माझा बाप काय करतो हे मला कोणी विचारले नाही. नाव लिहिले, पुस्तक दिले, पंधरा दिवसांनी परत घेतले. मैदानावर तसेच करा. पंधरा-वीस फळ्या आणि तितकीच शिरस्त्राणे एका कपाटात ठेवा, वहीत नाव लिहा आणि तासाभरासाठी द्या. महाराष्ट्राने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो पुस्तक प्रत्येकाला विकत घेता येत नाही हे ओळखूनच. फळीचेही तेच आहे.

आता आणखी दोन आक्षेप.

एक आयांचा आहे: हातपाय मोडतील. मोडतील, कधीमधी मोडतीलही. पण आज पोरे काय करतात? उतारावरच्या डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या मध्ये चाके घेऊन उतरतात. खाणीत दरड कोसळते म्हणून आपण खाण बंद करा म्हटले नाही. आधार लावा, टोपी द्या, दिवा द्या म्हटले. धोका कमी करण्याची ही रीत कामगाराला कोणी शिकवावी लागत नाही. गुळगुळीत तळ, लहानांसाठी वेगळा उथळ भाग, डोक्याला शिरस्त्राण, आणि मोठ्या मुलांपैकीच एक-दोघांना देखरेखीचे मानधन, एवढे केले की रस्त्यापेक्षा ही जागा शतपटीने बरी.

दुसरा आक्षेप दुकानदार मंडळींचा आणि काही शेजाऱ्यांचा असतो: टवाळ पोरे जमतील. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी क्वीन एलिझाबेथ हॉल नावाचे सभागृह आहे. त्याच्या खालच्या मोकळ्या ओसरीत 1970 नंतरच्या काळापासून अशी 'टवाळ' पोरे फळ्या घेऊन जमत. 2013 साली तेथे दुकाने काढून पोरांना दुसरीकडे हलविण्याचा बेत निघाला. पोरांनी सह्या गोळा केल्या, कागदपत्रे लिहिली, सभा घेतल्या, आणि 2014 साली संस्थेला त्यांच्याशी करार करून जागा आहे तशी राखावी लागली. ज्यांना टवाळ म्हटले त्यांनी युनियनसारखे काम केले. पोराला स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली की ते ती राखते. जागा नसली की मात्र ते पानठेल्यावर उभे राहते, आणि तेथे त्याला काय शिकवितात हे आपण सर्व जाणतो.

तरुणांना गावात जागा असावी हा विचार आपण विलायतेतून आणण्याचीही गरज नाही. गडचिरोलीच्या जंगलात माडिया-गोंडांच्या गावात गोटूल असते. गावाच्या मध्यभागी, गावाने स्वतः बांधलेली, तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याची, नाचण्या-गाण्याची, गावाची रीत शिकण्याची जागा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने आपले गोटूल नव्याने उभारले, तेव्हा लाकडाच्या कारणावरून वनखात्याने ते पाडले, आणि गावाने ते पुन्हा बांधले. हेच ते गाव, ज्याने 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळविला. दारात गाडी नसलेल्या, पक्के घर नसलेल्या माणसांनी गावची पहिली चांगली इमारत तरुणांसाठी बांधली. आणि आपण शहरातली माणसे, मंगल कार्यालये बांधतो, व्यापारी गाळे बांधतो, वाहनतळ बांधतो. सोळा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी सहा ते आठ कोठे असावे याचा विचार आपल्या नकाशात नसतो.

तेव्हा मागणी काय करायची? मागणीपत्र लिहिण्याची मला सवय आहे. त्याच पद्धतीने सांगतो.

जागेबद्दल: 1966 च्या नगररचना कायद्याने प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित जागा दाखविलेल्या असतात. पण त्याच कायद्याच्या 127 व्या कलमात अशी तरतूद आहे की आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरल्या मुदतीत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मैदान असे चोरपावलांनी जाते. कोणी ते लुटून नेत नाही. पोरे तेथे रोज खेळत असतील तर मात्र ते जाताना सर्वांना दिसते.

जबाबदारीबद्दल: 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांच्या कामांमध्ये बागा आणि मैदाने यांचे नाव स्पष्ट लिहिले आहे. आपण उपकार मागत नाही आहोत.

पैशाबद्दल: 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जमिनीखालून जे काढले जाते त्याचा काही भाग खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी खर्च करायचा आहे, आणि त्यात बालकल्याणाचा समावेश आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत हा निधी आहे. कोळशाची धूळ ज्या पोरांच्या छातीत जाते, त्यांचा त्या निधीवर पहिला हक्क आहे. शिवाय सिमेंट आपल्या जिल्ह्यात होते. त्यात मिसळायची राख वीज केंद्रातून निघते. दिव्याची वीज येथलीच. गवंडी, सेंट्रिंगवाले, लोहार आपलेच. येथून जाणाऱ्या सिमेंटने दूरदूरची शहरे उभी राहिली. त्यातल्या काही गोण्या आपल्या पोरांसाठी राहाव्यात, एवढेच.

बांधणीबद्दल: येथे मे महिन्यात पारा 46-47 पर्यंत जातो. दुपारी तापलेल्या सिमेंटवर कोणी पाय ठेवणार नाही. म्हणून पश्चिमेला कडुनिंब आणि करंज लावा, आणि दिवे असे ठेवा की पहाटे पाच ते आठ व संध्याकाळी सात ते दहा खेळता येईल. पावसाळ्यात खळग्यात पाणी साचू नये यासाठी तळाशी नाली हवी. नाही तर पहिल्याच श्रावणात डासांचे तळे होईल आणि लोक म्हणतील, बघा, सांगितले नव्हते का! पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह या दोन गोष्टींवाचून उद्घाटन होऊ देऊ नका. आणि प्रवेशाला तिकीट लावू नका. एकदा पाच रुपयांचे तिकीट लागले की त्याचे ठेका पद्धतीत रूपांतर होते, आणि ठेका म्हणजे काय हे मी आपणांस सांगावयास नको.

शेवटची गोष्ट श्रमाची. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी चंद्रपूरच्या परकोटावरची झाडेझुडपे, कचरा आणि माती स्वतःच्या हातांनी काढली, आणि भिंतीचा बुरूज न् बुरूज मोकळा केला. या शहरातली तरुण मुले राबायला तयार असतात हे त्यावरून सिद्ध झाले आहे. मैदानाचा पाया खणायला बोलाविले तर ती येतील, आणि ज्याने पाया खणला तो मैदान कोणाला बळकावू देणार नाही.

बंधुभगिनींनो, आमच्या आधीच्या पिढीने रविवार मिळविला, आठ तास मिळविले. ते मिळविताना मालक म्हणत होते, मजुराला रिकामा वेळ दिला तर तो बिघडेल. आज पोरांना जागा दिली तर ती बिघडतील असे म्हणणारे आपल्यातच आहेत, आणि हे ऐकताना मला तो जुना मालकच बोलत असल्याचा भास होतो. महापालिकेच्या नगररचना विभागात आराखड्याचा नकाशा पाहता येतो. या आठवड्यात आपल्या प्रभागातल्या दहा माणसांनी, त्यांत निदान चार बायांनी आणि दोन शाळकरी पोरांनी, जाऊन तो पाहावा. मैदानाचा रंग कोठे कोठे लावला आहे ते वहीत टिपून घ्यावे. आणि मग प्रत्यक्ष त्या जागेवर जाऊन उभे राहावे. तेथे आज काय आहे ते पाहिले म्हणजे अर्ज कसा लिहायचा हे मला सांगावे लागणार नाही. सह्या गोळा करण्याच्या कामाला आमची युनियन आपल्याबरोबर आहे.